‘माहीत नाही’ म्हणायची सोय

“धरला जातो का?” अण्णांनी विचारलं.

२०२०चा ऑक्टोबर होता. ऑफिस बंद, वर्क फ्रॉम होम चालू, आणि होम म्हणजे बीड जिल्ह्यातलं आमचं गाव. तिथं बऱ्यापैकी रेंज फक्त ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात येते. ‘सीरियस मेन’ नेटफ्लिक्सवर नुकताच आला होता. रात्री जेवणं झाल्यावर मी त्या कोपऱ्यात मोबाइल तांब्याला टेकवून सिनेमा बघत बसलो होतो. अण्णा सुपारी कातरत शेजारी येऊन बसले. सुरुवातीचा भाग बापाशेजारी बसून बघण्यासारखा नाही, तो सुदैवानं होऊन गेला होता.

पडद्यावर एक शाळकरी पोरगा मोठमोठ्या माणसांना मोठमोठी उत्तरं देत होता आणि समोरचे आ वासून बघत होते. अण्णा हसले, अगदी मोठ्यानं. मग त्यांच्या लक्षात आलं की पोराच्या कानात यंत्र आहे आणि उत्तरं त्याचा बाप फोनवरून सांगतोय. त्यावर ते आणखी हसले, मांडीवर थाप मारून. मग जरा वेळ गप्प बसले आणि तो प्रश्न विचारला.

“बघा की पुढं,” मी म्हणालो.

“धरला जात असंल तर नगं,” म्हणाले आणि अडकित्ता घेऊन आत झोपायला गेले.

राहिलेला सिनेमा मी एकट्यानं पाहिला. त्यानंतर अजून तीनदा पाहिला. अण्णांनी तो अजून पुरा पाहिलेला नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मनू जोसेफ यांची याच नावाची इंग्रजी कादंबरी २०१०मध्ये आली, तिच्यावरून सुधीर मिश्रांनी हा सिनेमा केला. अय्यन मणी (नवाजुद्दीन सिद्दीकी) हा मुंबईत चाळीत राहणारा तमिळ दलित माणूस. एका बड्या विज्ञान संस्थेत अरविंद आचार्य नावाच्या ब्राह्मण खगोलशास्त्रज्ञाचा तो पी.ए. आहे. आचार्यचं काम म्हणजे विश्वाचा विचार करणं आणि अय्यनचं काम म्हणजे आचार्यच्या शिव्या खाणं. अय्यनला कळून चुकलंय की या मोठ्या माणसांचा मोठेपणा निम्मा तरी बोलण्याच्या ढबीत आहे. मग तो आपल्या मुलाला, आदीला, ती ढब शिकवतो. अवघड शब्द पाठ करून घेतो, कानातल्या यंत्रातून उत्तरं पुरवतो आणि समोरच्यानं खोलात विचारलंच तर त्याच्या बुद्धीची कीव करणारं एक तयार वाक्यही शिकवून ठेवतो. पोरगा ‘जीनियस’ म्हणून गाजतो. वर्तमानपत्रं येतात, चाळीच्या पुनर्विकासावर डोळा असलेला पुढारी येतो. आणि मग ते पोरगं हळूहळू मोडायला लागतं.

कादंबरीतला अय्यन वरळीच्या बीडीडी चाळीत राहतो. एकशेसाठ चौरस फुटांची एक खोली, संडास सामाईक. माझ्या कंपनीतली सगळ्यात छोटी मीटिंग रूम मी एकदा उगाच पावलांनी मोजली होती, ती त्याहून मोठी निघाली. असो.

हा सिनेमा विनोदी आहे हे आधी मान्य करायला हवं. बापाच्या महत्त्वाकांक्षेखाली चिरडलेलं मूल हा आपल्याकडे रडण्याचा विषय. मराठीत महेश मांजरेकरांचा ‘शिक्षणाच्या आयचा घो’ (२०१०) आहेच. त्यात क्रिकेटवेड्या मुलाला संतापाच्या भरात मारणारा बाप आहे, मग हॉस्पिटल आहे, मग थिएटरभर हुंदके आहेत. तो बघताना आपण पहिल्यापासून मुलाच्या बाजूनं असतो. ‘सीरियस मेन’ची लबाडी अशी की तो आपल्याला तासभर बापाच्या बाजूनं बसवतो. आपण अय्यनबरोबर हसतो. आचार्यसारखे लोक फसताहेत याचा आपल्याला आनंद होतो, कारण त्यांनी फसायलाच हवं असं आपलं मत बनलेलं असतं. पोराच्या चेहऱ्याकडे आपण नीट बघतच नाही. शेवटाकडे ते पोरगं खचतं तेव्हा आठवतं की अरे, हे यंत्र एका मुलाच्या कानात होतं. एवढा वेळ आपण त्या कानाचा विचारच केला नव्हता.

माझा प्रश्न तिथून सुरू होतो. अय्यनचं नेमकं काय चुकलं?

खोटं बोलला, हे सगळ्यात सोपं उत्तर. पण ते मला पटत नाही. ज्या व्यवस्थेत तो खोटं बोलतो ती काही खरी बोलत नाही. ‘मेरिट’ नावाचा शब्द आपल्याकडे कोण कुणाच्या तोंडावर कसा फेकतं हे इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर चार वर्षं काढलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. सिनेमात खुद्द आचार्यवरही संशोधनात बनवाबनवी केल्याचा ठपका येतो. म्हणजे मोठ्यांनी केली तर चूक आणि छोट्यांनी केली तर फसवणूक.

इथं एक गोष्ट साफ सांगायला हवी. आम्ही दलित नाही. अय्यनची गरिबी मला ओळखीची वाटते, पण त्याचा अपमान मला माहीत आहे असं म्हणणं हे त्याच्या पोराच्या भाषणाइतकंच पाठ केलेलं होईल. आणि या सिनेमाबद्दल माझी एक तक्रारही आहे. एका दलित बापाचा ‘हुशार मुलगा’ शेवटी बनावट निघतो, ही गोष्ट ऐकून ज्यांना ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असं वाटतं, त्यांची या देशात कमी नाही. सिनेमा त्यांच्याकडे बघून हसतो की त्यांच्यासाठी हसतो, हे काही ठिकाणी मला कळत नाही. तरीही बाप म्हणून अय्यन मला सोडत नाही, त्याचं कारण त्याचा हिशेब.

अय्यनचा हिशेब पिढ्यांचा आहे, मोबाइलच्या जी-सारखा. पहिल्या पिढीनं मातीत राबायचं. दुसरीनं शिकून साहेबाच्या केबिनबाहेर खुर्ची मिळवायची. तिसरीनं आत शिरायचं. आणि चौथीला काहीच करायची गरज राहत नाही, ती आरामात बसून निरुपयोगी प्रश्नांवर विचार करू शकते. अय्यन स्वतः टू-जी. त्याची घाई अशी की थ्री-जीमध्येच फोर-जीचा स्पीड हवा.

हा हिशेब ऐकला आणि मी सिनेमा थांबवून आमच्या घराचा मांडला. आजोबा-आजी ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं, उन्हाळा लागला की परत. अण्णा एका कॉलेजात शिपाई. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर. म्हणजे मी थ्री-जी. म्हणजे, सरळ सांगायचं तर, आदी.

ऊसतोडीतला एक शब्द मला या सगळ्या विषयावर इंग्रजी पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी पडला. उचल. हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादम कोयत्याला आगाऊ पैसे देतो, ती उचल. त्यातून आधीचं देणं फिटतं, लग्न होतं, पत्रे बदलतात. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. उचल घेतलेल्या माणसाला एक गोष्ट करता येत नाही. त्याला ‘जमत नाही’ म्हणता येत नाही. ताप असो, बाळंतपण असो, उसाला कोयता लावावाच लागतो.

आजोबांनी उचल स्वतःच्या नावावर घेतली. शरीर त्यांचं, अंगठा त्यांचा. अय्यन जी उचल घेतो ती आदीच्या नावावर. शाळेकडून घेतो, वर्तमानपत्रांकडून घेतो, पुढाऱ्याकडून घेतो, आणि सगळ्यात मोठी स्वतःच्या बायकोच्या डोळ्यांतल्या कौतुकातून घेतो. फेडायची मात्र पोरानं. अंगठा लावताना त्याला विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी त्याला ‘हो’ म्हणण्याचा अर्थ कळला नसता, आणि बापाला खूश करायला तो ‘हो’च म्हणाला असता.

आता कुणी म्हणेल, मूल जन्माला घालणं हीच न विचारता घेतलेली उचल आहे. भाषा, धर्म, गाव, शाळा, यातलं कुठं विचारतो? खरं आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी १९८०मध्ये मुलांच्या ‘उघड्या भविष्या’च्या हक्काबद्दल एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं की मुलांचे काही हक्क त्यांच्या वतीनं राखून ठेवलेले असतात. मूल मोठं झाल्यावर त्याला जे निवडता यायला हवं, त्याची दारं आई-बापांनी आधीच बंद करून टाकू नयेत. वाचायला फार छान आहे. पण मी ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कारखान्याच्या तळावरच्या कोप्या येत होत्या. तिथल्या पोरांचं भविष्य कुणी बंद केलेलं नसतं. ते आपोआप बंद होतं. हंगामात शाळा सुटते, मग ती सुटतेच. काहीही न करणारा बाप तिथं दार उघडं ठेवत नसतो, कारण ते दार वाऱ्यानंच लागतं. कुणीतरी पाय घालून उभं राहावं लागतं आणि पाय घातला की तो चेंगरणारच. ‘मुलांना मुलांसारखं जगू द्या’ हे वाक्य मी पुण्यातल्या ज्या ज्या सोसायटीत ऐकलं, तिथं सगळे फोर-जी राहतात.

म्हणून महत्त्वाकांक्षा हा काही अय्यनचा गुन्हा नाही. आणि खोटेपणाही नाही, हे म्हणायला माझ्याकडे एक जुना साक्षीदार आहे.

जॉन स्टुअर्ट मिल. त्याचा बाप जेम्स मिल हा अय्यनच्या बरोबर उलट टोकाचा माणूस. त्यानं पोराला काहीही खोटं शिकवलं नाही. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षाच्या सुमारास तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. पाठांतर नाही, प्रत्येक गोष्ट समजून. बाहेरच्या पोरांची संगत लागू नये म्हणून त्यांच्यापासून लांब ठेवलेलं. पोरगा खरोखरचा जीनियस निघाला, कानात यंत्र नसलेला. आणि विसाव्या वर्षी, १८२६च्या हिवाळ्याच्या तोंडावर, तो आतून बंद पडला. स्वतःच आत्मचरित्रात सांगतो की त्यानं स्वतःला विचारलं, तुझ्या आयुष्यातली सगळी ध्येयं या क्षणी पूर्ण झाली तर तू सुखी होशील का? आतून उत्तर आलं, नाही. मग कित्येक महिने काहीच गोड लागेना. त्यातून तो पहिल्यांदा बाहेर आला तो मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना. वाचता वाचता मिलला रडू फुटलं आणि ओझं हलकं झालं. प्रसंग कसला होता? लेखकाच्या बापाच्या मृत्यूचा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोकलमध्ये होतो आणि फस्सकन हसलो. शेजारच्या काकांनी सरकून घेतलं. डार्क कॉमेडी म्हणजे आणखी काय असतं?

(मिल वाचून आपल्याकडे जी पिढी तयार झाली तिच्यात आगरकर होते. त्यांनी विद्यार्थिदशेत आईला लिहिलेलं पत्र आपल्याला शाळेपासून सांगितलं जातं. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा सोड, पोटापुरतं मिळवून मी बाकी आयुष्य लोकांसाठी घालवणार, अशा अर्थाचं. आपण त्या पत्रावर निबंध लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले. ते पत्र टेंभूच्या त्या गरीब घरात उघडल्यावर आईनं काय केलं असेल, हा प्रश्न मात्र पेपरात कधी आला नाही.)

तर मिलला बापानं खरं शिकवलं, आदीला बापानं खोटं शिकवलं, आणि दोघंही मोडले. मग दोघांत सारखं काय होतं? याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात नाही, ऑफिसात सापडलं.

लॉकडाऊननंतर आमच्या क्षेत्रात ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू झाले आणि त्याबरोबर कानात सांगणारेही आले. उमेदवार कॅमेऱ्यासमोर, खरा जाणकार पडद्याआड. मला इंटरव्ह्यू घ्यायला बसवायला लागले तेव्हा सीनियरनं युक्त्या सांगितल्या होत्या. डोळे एका बाजूला जातात, उत्तराआधी ठरावीक तीन सेकंद थांबतात, वगैरे. एका मुलाच्या बाबतीत मात्र मी वेगळ्याच गोष्टीवरून ओळखलं. पाऊण तासात तो एकदाही ‘माहीत नाही’ म्हणाला नाही. मी मुद्दाम न शिकवलं जाणारं विचारलं, फालतू विचारलं, शेवटी एक अस्तित्वातच नसलेली गोष्ट विचारली. त्याचंही उत्तर आलं. घामानं त्याचं कपाळ चमकत होतं. मी फॉर्ममध्ये ‘रिजेक्ट’वर टिक केलं आणि लॅपटॉप मिटला. मग बराच वेळ मला आदी दिसत राहिला. कानात आवाज येत असेल तर माणसाला सगळं येतं, फक्त ‘मला माहीत नाही’ हे एक वाक्य येत नाही. कारण ते वाक्य सांगणारा दुसऱ्या टोकाला कुणी बसलेलाच नसतो.

आमच्या कंपनीत ‘आय डोन्ट नो’ सगळ्यात सहज कोण म्हणतं, याकडे मी मग लक्ष ठेवायला लागलो. आर्किटेक्ट म्हणतो, हसत हसत म्हणतो, आणि सगळ्यांना तो आणखीच मोठा वाटतो. आचार्यही म्हणू शकतो, विश्वाबद्दल माहीत नसण्याचा तर त्याला पगार मिळतो. नव्यानं लागलेलं गावाकडचं पोरगं म्हणत नाही. ते रात्री दोनपर्यंत जागून शोधतं आणि सकाळी ‘ऑलमोस्ट डन’ म्हणतं. मी तीन वर्षं ‘ऑलमोस्ट डन’ होतो.

जगात हे वाक्य सगळ्यांना परवडत नाही हे मला मान्य आहे. शाळेत, इंटरव्ह्यूत, पुढाऱ्याच्या स्टेजवर आदीला ते परवडणार नव्हतंच. पण घर नावाची एक जागा असते. निदान तिथं, रात्री जेवताना, ‘पप्पा, मला यातलं काही कळत नाही’ असं म्हणता यायला हवं. अय्यननं जगाला फसवलं त्याचं मला फारसं काही वाटत नाही. त्यानं ती एकशेसाठ चौरस फुटांची खोलीसुद्धा स्टेज करून टाकली, हे मला सहन होत नाही. जेम्स मिलनंही तेच केलं, फक्त त्याचं घर मोठं होतं.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा मला वाटलं होतं की लेख झाला. पण मग आमचं घर कसं होतं, हे न सांगता सुटणं म्हणजे पुन्हा ‘ऑलमोस्ट डन’.

दहावीनंतर मला लातूरला ठेवलं. क्लासची फी अण्णांनी पतपेढीतून उचलली. हा शब्द त्यांचाच. दर रविवारी टेस्ट असायची आणि सोमवारी बोर्डावर यादी लागायची, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. सोमवारी संध्याकाळी अण्णांचा फोन यायचा. पहिल्या टेस्टला मला १८०पैकी ६१ मिळाले. फोनवर मी १३१ म्हणालो. विचार करून म्हणालो नाही, तोंडातून आलं. पलीकडे एक छोटासा आवाज झाला, माणूस ताठ बसला की खुर्चीचा होतो तसा. मग दर सोमवारी मी मार्कांत सत्तर मिळवून सांगत गेलो. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर माझा पहिला स्थिरांक. अण्णा ते आकडे कॉलेजात प्राध्यापकांना सांगायचे. ज्यांच्यापुढे ते रोज चहाचा ट्रे धरत, त्यांना.

जानेवारीत ते न कळवता आले. हातात तुपाचा डबा आणि माझ्यासाठी स्वेटर. मी क्लासमधून बाहेर आलो तर ते यादीसमोर उभे होते. त्यांना इंग्रजी फारसं वाचता येत नाही, पण माझं नाव आणि आकडे येतात. किती वेळ उभे होते मला माहीत नाही. मला बघून म्हणाले, “मेसमधी भाजी बरी असती का?” आम्ही स्टँडवर गेलो, त्यांनी मला कचोरी घेऊन दिली, स्वतः खाल्ली नाही, एसटी लागली, ते गेले. पुढच्या सोमवारी फोन आला. “किती पडले?” मी खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि म्हणालो, “एकशे चाळीस.” ते म्हणाले, “बरं.”

कित्येक वर्षं माझी समजूत होती की त्या दिवशी त्यांना यादी कळली नसावी. नोकरी लागल्यावर एका दिवाळीत ताईनं सांगितलं. लातूरहून परतलेल्या रात्री अण्णा जेवले नव्हते. तिनं फार विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले की पोरगं मागं पडलंय, पण कुणाला बोलू नको. आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात माझे मार्क ते स्वतःच वाढवून सांगायला लागले. माझ्या एकशे चाळीसचे ते दीडशे करायचे.

म्हणजे आमच्या घरात कानातलं यंत्र दोन्ही बाजूंनी चालू होतं. ते मला सांगत नव्हते, मी त्यांना सांगत नव्हतो, आणि दोघंही एकमेकांना उत्तरं पुरवत होतो. मी मोडलो नाही, पुढं बऱ्यापैकी मार्क पडले, बऱ्यापैकी कॉलेज मिळालं. पण स्टँडवरचं ते भाजीचं वाक्य मी अजून उलटून पालटून बघतो. ती दया होती का? ‘तुला कमी पडले तरी मी तुला कचोरी घेऊन देईन’ असं ते सांगत होते का? की मी कबूल केलं तर त्यांनाही कॉलेजात कबूल करावं लागेल, या भीतीनं त्यांनी मला वाचू दिलं? ओरडले असते तर मला रडून ‘येत नाही हो अण्णा’ म्हणता आलं असतं. त्यांच्या समजूतदारपणानं ते दार बंद झालं. की उघडं राहिलं? अय्यनला मी वर चार परिच्छेदांत निकाली काढलं. अण्णांच्या बाबतीत मला निकाल देता येत नाही.

आणि ताई. ती माझ्यापेक्षा हुशार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. माझ्या लातूरच्या वर्षी तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. तिला पुढं एम.ए. करायचं होतं. पतपेढीची उचल एकच मिळत होती. ‘सीरियस मेन’मध्ये अय्यनला एकच मूल आहे, त्यामुळे हा हिशेब त्याला मांडावा लागत नाही. महत्त्वाकांक्षी बापांबद्दल आपण बोलतो तेव्हा ज्याच्या कानात यंत्र बसवलं त्याच्याबद्दलच बोलतो. जिच्या कानात काहीच सांगितलं गेलं नाही तिच्यावर सिनेमा निघत नाही. मी तिला एकदा सॉरी म्हणालो होतो. ती म्हणाली, “तुला तरी कुठं इचारलं होतं?” आणि भाकरी उलटली.

गेल्या दिवाळीत मी गावी होतो. ताईही मुलीला घेऊन आली होती. भाची पाच वर्षांची आहे, चुणचुणीत, दिवसभर शेळीच्या मागं. दुपारी अण्णांच्या कॉलेजातले एक निवृत्त सर भेटायला आले. अण्णाही आता निवृत्त झालेत, त्यामुळे सर खुर्चीवर आणि अण्णाही खुर्चीवर. चहा झाला. अण्णांनी नातीला हाक मारली.

“ये, सरांना सांग. महाराष्ट्रात जिल्हे किती?”

ती आली, फ्रॉकला हात पुसले आणि गप्प उभी राहिली. आधी अण्णांकडे बघितलं, मग सरांकडे. सर ओळखीचं हसत होते, मी लहान असताना हसायचे तसंच. मग तिनं वर बघितलं. मी अण्णांच्या खुर्चीच्या मागं, दाराला टेकून उभा होतो. तिचे डोळे माझ्यावर थांबले.

माझे ओठ हलले.

“छत्तीस,” ती म्हणाली.

“वा!” सर म्हणाले. अण्णा मोठ्यानं हसले, मांडीवर थाप मारून. भाची परत शेळीकडे पळाली. ताई रिकामे कप उचलायला बाहेर आली होती. तिनं कप उचलले, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.